जपानला जायचे ते कशासाठी?

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून जी चर्चा सुरू होते, तिचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. अभियांत्रिकी की वैद्यकीय, एवढाच प्रश्न पूर्वी असे. पुढे त्यात संगणकशास्त्राची आणि व्यवस्थापनाची भर पडली. आता मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी सांगते, ‘मला ॲनिमेशन शिकायला जपानला जायचे आहे’ किंवा ‘मला व्हिडिओ गेम तयार करायला शिकायचे आहे’, आणि घरात क्षणभर कोणी बोलत नाही. कार्टून ही काय शिकण्याची गोष्ट आहे? खेळ खेळून कोणाचे पोट भरले आहे? आणि त्यासाठी कर्ज काढून परदेशी जायचे? आई-वडिलांच्या मनात हे प्रश्न येणे स्वाभाविक आहे. ते प्रश्न चुकीचेही नाहीत. परंतु त्यांचे उत्तर केवळ उपहासाने किंवा केवळ लाडाने देऊन भागणार नाही. हा विषय एका मुलाच्या करिअरपुरता नाही. आपल्या पुढच्या पिढीच्या मनात कोणाच्या कथा वस्तीला येणार, या प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की जपानी चित्रकथा आपल्या घरात केव्हाच शिरल्या आहेत. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीने सर्व भारताला वेड लावले, ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने बनविली होती, हे आजच्या अनेक पालकांना ठाऊकही नसेल. २००५च्या सुमारास डोरेमॉन आला. शिनचॅनचे वागणे मुलांवर वाईट परिणाम करते म्हणून २००८ साली त्या मालिकेवर काही काळ बंदीही आली. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला तेव्हा पहाटेच्या खेळांनाही तरुणांनी रांगा लावल्या. हे सारे आपण पाहतो, कधी कौतुकाने, बहुधा तक्रारीच्या सुरात. मात्र जपानला हे कसे साधले, याचा अभ्यास करण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहीत.

परदेशी जाऊन विद्या आणण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. स्वामी विवेकानंद शिकागोच्या परिषदेला निघाले असता वाटेत जपानमध्ये उतरले. १० जुलै १८९३ रोजी योकोहामाहून मद्रासच्या आपल्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात जपानी माणसाची टापटीप, त्याची स्वयंपूर्णतेची धडपड आणि तेथील मंदिरांच्या भिंतींवर जुन्या बंगाली लिपीत लिहिलेले संस्कृत मंत्र यांचे वर्णन त्यांनी केले आहे. आपल्या देशातील अनेक तरुणांनी दर वर्षी जपानला जावे, अशी इच्छाही त्यांनी त्याच पत्रात व्यक्त केली. स्वदेशीच्या चळवळीत ती इच्छा काही अंशी प्रत्यक्षात आली. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने पैसा फंड उभा राहिला. घरोघरच्या एकेका पैशातून जमलेल्या या निधीतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या कारखान्याची तांत्रिक धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे प्रथम जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत शिकून आलेले होते. शिकण्यासाठी बाहेर जाणे आणि स्वदेशी असणे यांत त्या पिढीला कोणताही विरोध दिसला नाही.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर या विषयाच्या अधिकच जवळचे. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, काही आठवड्यांत चित्रपटनिर्मितीचे तंत्र समजून घेतले, कॅमेरा विकत घेतला आणि परत आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. १९१५मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. त्यात आगकाड्या चित्राचित्राने पुढे सरकवून जिवंत केल्या होत्या. म्हणजे भारतीय ॲनिमेशनची पहिली पावले एका मराठी माणसाने, नाशिक-मुंबईच्या परिसरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टाकली. फाळके तंत्र आणण्यासाठी गेले, कथा मात्र येथूनच घेतली. जपानला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे.

आता जपानकडे पाहू. १९३०च्या दशकात टोकियोच्या गल्ल्यांतून सायकलवर लाकडी पेटी घेऊन फिरणारे कथेकरी असत. पेटीतील चित्रे एकामागून एक सरकवीत ते मुलांना गोष्ट सांगत आणि गोळ्या विकून पोट भरीत. या कलेचे नाव कामिशिबाई, म्हणजे कागदी नाटक. जपानी चित्रकथांच्या मुळाशी ही परंपरा आहे. युद्धात देश बेचिराख झाला, दोन शहरांवर अणुबाँब पडले, परक्या सैन्याने राज्य केले. त्याच राखेतून ओसामू तेझुका नावाचा वैद्यकीय पदवी घेतलेला तरुण उभा राहिला. १ जानेवारी १९६३ रोजी त्याची ‘अॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. अमेरिकेजवळ असलेला पैसा त्याच्याजवळ नव्हता. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रचौकटी लागतात. त्याने एकच चित्र तीन चौकटी टिकवून सेकंदाला आठ चित्रांत काम भागवले. जेथे हालचाल कमी होती, तेथे रचना, भावना आणि कथा यांनी ती उणीव भरून काढली. साधने तोकडी असताना ध्येय तोकडे न करण्याचा हा धडा आहे. याच तेझुकाने पुढे १९७२ ते १९८३ या काळात भगवान बुद्धांच्या चरित्रावर प्रदीर्घ चित्रमालिका काढली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खेळांच्या क्षेत्रात हेच दिसते. आज ज्या निन्टेन्डोचे नाव जगातील प्रत्येक मुलाला माहीत आहे, ती संस्था १८८९ साली क्योतोमध्ये हाताने बनविलेले पत्ते विकण्यासाठी स्थापन झाली. १९७७मध्ये तेथे रुजू झालेले शिगेरु मियामोतो संगणकतज्ज्ञ नव्हते. ते औद्योगिक रचना शिकलेले कलावंत होते. क्योतोनजीकच्या खेड्यात लहानपणी केलेली भटकंती, तेथील डोंगर आणि गुहा त्यांनी आपल्या खेळांत आणल्या. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. शहर वाढले, शेते गेली, आणि ते हरवलेले सुख त्यांनी १९९६मध्ये खेळाच्या रूपाने पुढच्या पिढीला दिले. त्याच संस्थेतील गुनपेई योकोई जुन्या, स्वस्त आणि हात बसलेल्या तंत्राचा नव्या रीतीने उपयोग करावा असे मानीत, आणि १९८९मध्ये निघालेला त्यांचा ‘गेम बॉय’ काळ्या-पांढऱ्या साध्या पडद्यानिशी रंगीत प्रतिस्पर्ध्यांना पुरून उरला.

या सर्वांत समान सूत्र आहे ते स्वत्वाचे. हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ २००१मध्ये प्रदर्शित झाला, २००२मध्ये त्याला बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००३मध्ये ऑस्कर. त्या चित्रपटात काय आहे? जपानी लोकश्रद्धेतील असंख्य देवता आहेत, माणसाने घाण केलेली नदी आहे, आणि स्वतःचे नाव विसरले तर घरी परतण्याची वाट हरवते, हा विचार आहे. जगाला आवडावे म्हणून मियाझाकी यांनी त्यातील देव वगळले नाहीत. उलट ते जपानी राहिले म्हणूनच जगाने त्यांना डोक्यावर घेतले. जपानी ॲनिमेशन उद्योगाची उलाढाल २०२३मध्ये सुमारे ३.३ लाख कोटी येनवर गेली आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम जपानच्या बाहेरून आली. आपली संस्कृती जपली की जगाच्या बाजारात मागे पडावे लागते, असे सांगणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते देता येईल? आणि त्या देवतांमध्ये बेंझाईतेन ही वीणेसारखे वाद्य हाती घेतलेली देवी आपली सरस्वती आहे, बिशामोनतेन हा आपला कुबेर आहे. आपल्याकडून गेलेल्या देवता तेथे अजून पूजेत आहेत आणि चित्रांतही आहेत.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३मध्ये प्रयागजवळ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी आले आणि रामकथेने भारावून गेले. त्या कथेवर ॲनिमेशनपट करण्याचे त्यांनी मनावर घेतले. पहिली प्रतिक्रिया आपल्याकडून कोणती आली? वृत्तपत्रातील एका बातमीवरून गैरसमज झाला आणि परदेशी माणसाने रामायणाला हात लावू नये, अशा आशयाचे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाला पाठविले. पुढे साको यांनी भेटून खुलासा केला आणि तो गैरसमज दूर झाला. परंतु शासनाने मात्र रामायण हा नाजूक विषय असून तो कार्टूनच्या रूपात दाखवू नये, अशी भूमिका घेऊन सहकार्यातून अंग काढून घेतले. अखेरीस साको यांनी ते काम जपानमध्ये उभे केले. राम मोहन यांच्यासारखे भारतीय कलावंत जपानी चित्रकारांना आपली वेशभूषा, वास्तू, बसण्या-उठण्याची आणि नमस्काराची रीत समजावून देत होते. सुमारे साडेचारशे कलावंतांनी हाताने काढलेल्या एक लाखाच्या आसपास चित्रांतून तो चित्रपट सिद्ध झाला. भारतात मात्र त्याला चित्रपटगृहांतून व्यापक प्रदर्शन मिळाले नाही. २०१२मध्ये साको यांचे निधन झाले. २४ जानेवारी २०२५ रोजी तो चित्रपट नव्या रूपात भारतभर प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण मुला-नातवंडांना घेऊन गेले आणि डोळे पुसत बाहेर आले. ज्याचे आपण स्वागत करावयास हवे होते, त्याच्याकडे आधी संशयाने पाहिले गेले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. श्रद्धेचे रक्षण करणे योग्यच आहे. पण जो समाज केवळ आक्षेप घेतो आणि निर्मिती करीत नाही, त्याच्या कथा शेवटी दुसरे सांगतात.

तेव्हा जाणाऱ्याने जावे. पण डोळे उघडे ठेवून जावे आणि पालकांनीही पूर्ण माहिती घेऊन पाठवावे. जपानमध्ये या विषयांचे गंभीर शिक्षण उपलब्ध आहे. क्योतो सेइका विद्यापीठात २००६पासून चित्रकथांसाठी स्वतंत्र विद्याशाखा आहे. टोकियो कला विद्यापीठात २००८पासून ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. टोकियो पॉलिटेक्निक विद्यापीठात २००३पासून ॲनिमेशनचा आणि २०१०पासून खेळनिर्मितीचा विभाग आहे. याखेरीज ‘सेम्मोन गाक्को’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक शिक्षणसंस्था आहेत. तेथे बहुधा दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळते. जपानी शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती दूतावासामार्फत मिळू शकते. तीत शुल्क माफ होऊन दरमहा निर्वाहवेतन मिळते, आणि ती व्यावसायिक संस्थांसाठीही आहे. कर्जाचा अर्ज करण्याआधी हा मार्ग चोखाळून पाहावा.

मात्र काही कटू गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली भाषेची. बहुतेक अभ्यासक्रम जपानीत चालतात आणि भाषेच्या परीक्षेतील ‘एन-टू’ ही पातळी तेथे किमान समजली जाते. ती गाठण्यास दोन-तीन वर्षांचे नियमित कष्ट लागतात. सुदैवाने पुण्यात जपानी भाषेच्या अध्यापनाची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. हा अभ्यास घरी राहून, कमी खर्चात होऊ शकतो. चित्रपटांतील चार वाक्ये पाठ आहेत म्हणून भाषा येते, या भ्रमात कोणी विमानात बसू नये. दुसरी गोष्ट पैशाची. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासच काम करण्याची परवानगी असते. त्यातून खर्चाला हातभार लागतो, शुल्क आणि कर्जाचा हप्ता निघत नाही. याउलट सांगून प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ आपल्या शहरांतून वावरत आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तेझुका यांनी पहिली मालिका अत्यल्प किमतीत दूरचित्रवाणीला दिली आणि तूट अन्य मार्गांनी भरून काढली. त्या कमी किमतीची प्रथा या व्यवसायाला जडली आणि तिचे ओझे आजही तळाचा चित्रकार वाहतो आहे. मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणाऱ्या नवशिक्याला एका चित्रामागे साधारण दोनशे येन, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये मिळतात. महिन्याकाठी पाचशे चित्रे काढली तरी हाती येतात एक लाख येन. टोकियोत तेवढ्यात खोलीभाडे आणि जेवण भागविणे कठीण आहे. शिवाय अशी कामे बहुधा करारावर, नगाप्रमाणे दिली जातात. परदेशी माणसाला निवासाचा परवाना मिळण्यास नियमित नोकरी आणि पुरेसे वेतन दाखवावे लागते. खेळांच्या मोठ्या कंपन्यांत वेतनाची स्थिती पुष्कळ बरी आहे, पण तेथे स्पर्धाही तितकीच तीव्र. मुलाला हे आकडे दाखवावेत. आकडे पाहूनही ज्याची इच्छा टिकते, त्याचा छंद खरा समजावा.

मग तेथून आणावयाचे काय? मोठे डोळे आणि टोकदार केस काढण्याची शैली नव्हे. ती तर येथे बसूनही उचलता येते. आणावयाची ती कार्यपद्धती. वीस-बावीस मिनिटांच्या एका भागासाठी साधारण तीन ते पाच हजार चित्रे लागतात. ती अनेकांच्या हातून येतात, तरी एकाच हाताची वाटतात. कारण आधी संपूर्ण भागाचा चित्रआराखडा पक्का होतो, मुख्य चित्रे ज्येष्ठ कलावंत तपासून सुधारतो, मधल्या चित्रांची पुन्हा वेगळी तपासणी होते. नवा आलेला तरुण मधल्या चित्रांपासून सुरुवात करून पायरीपायरीने वर चढतो. जपानी कलापरंपरेत ‘शु-हा-री’ असा क्रम सांगतात: आधी गुरूची रीत पाळावी, मग ती मोडून पाहावी, आणि शेवटी तिच्यापासून मुक्त व्हावे. गुरुशिष्यपरंपरेत वाढलेल्या आपल्या समाजाला हे परके वाटू नये. दुसरी आणावयाची गोष्ट म्हणजे वाचकाचा आदर. १९६८मध्ये सुरू झालेले ‘शोनेन जंप’ हे मुलांचे नियतकालिक वाचकांची मते पत्राने मागवून कोणती मालिका ठेवावी हे ठरवीत आले, आणि १९९५च्या सुमारास त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. त्याच सुमारास, १९६७मध्ये, अनंत पै यांनी मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली होती. आरंभ जवळजवळ एकाच वेळी झाला. पुढे त्यांच्याकडे उद्योग उभा राहिला, आपल्याकडे एका माणसाची तपश्चर्या राहिली. हा फरक बुद्धीचा नाही, संघटित प्रयत्नांचा आहे.

आणि शिकून परत येणाऱ्याला येथे काय मिळणार, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारला पाहिजे. परदेशी चित्रपटांची मजुरीची कामे करण्यात आपल्या ॲनिमेशन उद्योगाची पुष्कळ शक्ती आजवर खर्ची पडली. परंतु चित्र पालटत आहे. व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने २००५मध्ये वाट दाखविली. २०२५च्या जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने तीनशे कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय करून आपल्या कथांना प्रेक्षक नाहीत, हा समज खोडून काढला. केंद्र शासनाने २०२४मध्ये मुंबईसाठी या क्षेत्राची राष्ट्रीय शिक्षणसंस्था मंजूर केली आणि महाराष्ट्र शासनानेही २०२५मध्ये स्वतंत्र धोरण स्वीकारले. शासन इमारत देऊ शकते. कथा आणि आग्रह मात्र समाजालाच द्यावे लागतात.

सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या जपली आहे. चित्रांची पोथी समोर धरून, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगावयाचे, अशी ही कला. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना तिचे नाव प्रथम कळले. जपानची कामिशिबाई आणि आपली चित्रकथी यांत मूलतः फरक तो काय? जपानने कागदी नाटकातून जगभर पोहोचणारा उद्योग उभारला. आपण चित्रकथीला संग्रहालयात आणि सत्कारात ठेवले. सापशिडीचेही तसेच. मोक्षपट म्हणून आपल्याकडे हा खेळ होता, शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. खेळता खेळता नीती शिकविण्याची कल्पना आपल्याच घरची. ती संगणकाच्या पडद्यावर नव्या बुद्धीने कोण आणणार? जो जपानला जाऊन तंत्र शिकून येईल आणि ज्याला पिंगुळीही माहीत असेल, तोच.

म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते की, मुलाच्या या इच्छेची टवाळी करू नये आणि परीक्षा घेतल्याशिवाय तिला होकारही देऊ नये. वर्षभर रोज चित्र काढण्याचा किंवा खेळरचनेचा अभ्यास करून दाखव, भाषेची पहिली परीक्षा उत्तीर्ण हो, आणि ज्ञानेश्वरी, रामायण, शिवचरित्र यांतील एखादा प्रसंग तुझ्या पद्धतीने मांडून आण, असे त्याला सांगावे. कार्यकर्त्यांनीही विचार करावा. विद्यार्थिसाहाय्यक निधी डॉक्टर-अभियंत्यांसाठी आहेत. त्यात वर्षाला एक जागा चित्रकारासाठी का असू नये? पैसा फंडाने एकेका पैशातून काचेचा कारखाना उभा केला होता. आज एका होतकरू मुलाला जपानमध्ये दोन वर्षे शिकविणे एखाद्या शहरातील शंभर कुटुंबांना जड जाणारे नाही. अट एकच असावी: त्याने परत येऊन येथे दहा जणांना शिकवावे.

स्वतःचे नाव विसरले की घरची वाट हरवते, असे मियाझाकी यांचा चित्रपट सांगतो. आपल्या मुलांना जपानला पाठविताना त्यांच्या सामानात भाषेची पुस्तके आणि रंगपेटी असावीच. पण आपण कोण, कोठले आणि कशासाठी निघालो आहोत, याची जाण त्याआधी त्यांच्या मनात असली पाहिजे. ती देण्याचे काम जपानी विद्यापीठाचे नाही. ते घराचे आहे, आपल्या सर्वांचे आहे.